पाच नवकारांचा कडू चहा

सुरतेपासून धुळ्यापर्यंतच्या हायवेवर चहा म्हणून जे जे काही उकळलं जातं ते सगळं चाखूनसुद्धा ज्याचा चहावरचा आणि माणसांवरचा विश्वास उडाला नाही, असा अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. मी विसरवाडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत कंट्रोलर. माझ्या खिडकीतून समोर पाहिलं की रस्त्यापलीकडे शेठजींचं चहापत्तीचं दुकान. शेठजींचे आजोबा राजस्थानातून इकडे आले ते काय घेऊन आले असं कुणी विचारलं, तर शेठजी म्हणायचे, "तहान." माझ्याशी ते माझ्या शहादा बाजूच्या अहिराणीत बोलायचे, डोंगरातल्या गिऱ्हाइकांशी त्यांच्या त्यांच्या बोलीत, बायकोशी, म्हणजे आमच्या भाभींशी, मारवाडीत आणि कोलकात्याच्या दलालांशी फोनवर अशा हिंदीत, की ऐकणाऱ्याला वाटावं भांडण पेटलंय. भांडण नसायचं. आसामची पत्ती यंदा पातळ उतरली एवढंच ते सांगत असायचे.

त्यांचा धंदा जिभेचा होता. कोलकात्याहून नमुन्याच्या पुड्या यायच्या, सकाळी दहा पांढरे कप ओळीनं मांडून शेठजी प्रत्येकातला घोट चमच्यानं ओढायचे, तोंडात फिरवायचे आणि पिकदाणीत टाकायचे. मग कुठला दाणा किती आणि कुठली भुकटी किती याचं मिश्रण ठरायचं, आणि तेच मिश्रण पार धडगावच्या घाटातल्या टपऱ्यांपर्यंत जायचं. तो घोट ओढण्याचा आवाज! फुर्रर्र करून असा निघायचा, की एकदा नव्यानं आलेला ड्रायव्हर गाडीखाली वाकून टायर तपासत बसला होता. घोट घेतल्यावर शेठजी डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आमच्या कॅन्टीनवाल्यानं कालचाच चोथा आज पुन्हा उकळला, तर ते एका घोटात ओळखायचे, पण त्याला शिव्या देत नसत. "बिचारानी घरवाली माहेरी गयेल शे, त्याले काय सुधरस?" असं म्हणून उलट पाव किलो पत्ती पाठवून द्यायचे. आणि खरंच, बाई माहेरी गेलेली असायची! चहातून हे कसं कळतं, देव जाणे.

शेठजी पक्के जैन. सूर्य बुडाला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. आलं जमिनीखालचं, म्हणून त्यांच्या चहात सुंठ. आणि गरम पाणी मोरीत ओतायचं नाही, कारण मोरीत मुंग्या असतात. उरलेलं पाणी आधी परातीत निवू द्यायचं आणि मग ओतायचं. एकदा घाईत मी हात धुवायला म्हणून गरम पाण्याचं भांडं मोरीकडे कलतं केलं, तर हा गल्ल्यावरचा सत्तर किलोंचा माणूस चेंडूसारखा उडी मारून आला आणि माझं मनगट धरून म्हणाला, "कंट्रोलरसाहेब, तुम्हनी गाडीखाल कोणी येवाले नको म्हणीसन तुम्ही शिट्टी मारतस ना?" मी त्या दिवसापासून कानाला खडा लावला.

अशा माणसाच्या घरात बारा वर्षांपूर्वी तो चहा आला. कोलकात्याच्या एका दलालानं भेट म्हणून पाठवलेला. चीनमध्ये युन्नान म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथला तो कच्चा पु-एर. पानं वाळवून, वाफेवर नरम करून, दाबून भाकरीएवढी चकती करतात आणि कागदात गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवून देतात. ताजा असताना कडूजहर. जुना होत जातो तसा कडूपणा मागे सरतो आणि घोट गिळल्यावर घशातून गोड वर येतं म्हणे. अशा सहा चकत्या होत्या. भाभींनी त्या उघडून पाहिल्या आणि गोवऱ्या समजून अंगणात बंबाशेजारी रचल्या. खुलासा झाल्यावर त्यांनी एक चकती आणून तिचा टवका खलबत्त्यात कुटला, दूध, साखर, सुंठ, गवती चहा घालून खळखळून उकळला आणि पहिला कप कुणाला दिला असेल? मला! तो प्रकार मी प्यालो. ओल्या पोत्याच्या रंगाचा होता आणि कारल्याच्या काढ्यात खीर ओतल्यासारखा लागत होता. शेठजी आतून धावत आले, कप हुंगला आणि मटकन खाली बसले. घरात कुणी गेल्यावर बसतात तसे.

पुढची पंचाईत धर्माची. जी वस्तू वर्षानुवर्षं ठेवतात, जिच्यात आतल्या आत काहीतरी जिवंत चाललेलं असतं, ती जैन माणसाला चालते का? शेठजी तीन महिने त्या चकत्यांकडे नुसते बघत होते. चातुर्मासात एक महाराज आले, त्यांना जाऊन विचारलं. महाराजांनी विचारलं, "लागतं कसं?" शेठजी म्हणाले, "कडू." महाराज हसले म्हणे. "कडू आहे ना, मग आसक्ती कशी लागेल? घ्या." शेठजींनी घेतला, आणि महाराजांचा अंदाज सपशेल चुकला. अशी आसक्ती मी दारूची पाहिली नाही.

दर शनिवारी दुपारी चार वाजता मला बोलावणं यायचं. दुकानामागच्या खोलीत गादीवर बसायचं. चाखणीचा झाकणवाला पांढरा कप, पितळी किटली, आणि चकतीचा नखाएवढा टवका, तोही सुरीनं फोडलेला नाही, दाभणानं थराथरानं सोडवलेला. आधी नुसतं पाणी घालून लगेच काढायचं. ती पानांची आंघोळ. ते पाणी परातीत निवत राहायचं. मग खरं काम. घड्याळ नाही. पहिल्या पाण्याला शेठजी हलक्या आवाजात एक नवकार मंत्र म्हणायचे, की ओतायचं. दुसऱ्या पाण्याला दोन नवकार, तिसऱ्याला तीन. ओठ हलायचे आणि डोळे मिटलेले असायचे. मग सोनेरी पाणी माझ्यासमोर यायचं, मी घोट घ्यायचो आणि शेठजी पुढे वाकून विचारायचे, "काय लागनं?"

"कडू."

"मांगून?"

"मागून पण कडू."

"बठा ना जरासं. पाचवा पाणीपावोत बठा. आवळा खाईसन पाणी पेतस ना, तसं येस ते."

आता पाचव्या पाण्यापर्यंत बसायला मी काय रिकामटेकडा होतो? पावणेपाचला सुरतेकडून गाडी यायची, तिची नोंद करायची, पुकारा करायचा. तिसऱ्या पाण्याला माझं बूड हलायचं. "तुम्हनी गाडी काय पळी जाई ऱ्हायनी का?" शेठजी विचारायचे. "पळायलाच ठेवलीय ती," असं म्हणून मी पळायचो आणि रस्ता ओलांडला की थेट कॅन्टीनवर. "दे बाबा, साखर दुप्पट टाक." त्या गोड चहानं तोंड धुतल्यासारखं केल्याशिवाय माझ्या जिवात जीव येत नसे. गंमत म्हणजे कॅन्टीनची पत्तीही शेठजींच्याच दुकानची. म्हणजे शेठजींचा चहा मी शेठजींच्याच चहानं उतरवायचो, आणि हे बारा वर्षं चाललं. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, असं मी त्यांना तोंडावर ऐकवायचो. ते हसायचे. एकदा म्हटलं, "शेठजी, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही तुमची." त्यावर तर ते मांडीवर थाप मारून हसले. ते वाक्य मी आज कुणी पैसे दिले तरी उच्चारणार नाही.

सहा चकत्यांपैकी पाच पिण्याच्या, एक ठेवायची. ठेवलेली चकती लाकडी कपाटात, एकटी. आमच्याकडे मे महिन्यात काय ऊन पडतं ते काय सांगायचं, पापड घरात सुकतो. आणि या चहाला म्हणे हवेत ओल लागते. म्हणून शेठजींनी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ओलं गोणपाट टाकलेलं, ते रोज सकाळी स्वतः भिजवायचे. भाभी म्हणायच्या, माझ्या आजारपणात माझ्या कपाळावरची पट्टी यांनी इतक्या वेळा बदलली नाही. बारा वर्षं पुरी झाली की आखाजीला चकती फोडायची असं ठरलेलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे झोके आणि सांजोऱ्या. आणि जैनांमध्ये वर्षभर तप केलेली माणसं त्या दिवशी उसाच्या रसानं उपास सोडतात. "त्या दिनले गोड येवालेच पाहिजे," शेठजी म्हणायचे. ती आखाजी यंदाची.

दिवाळीनंतर शेठजी डाव्या बाजूनं चहा प्यायला लागले. मान कलती करायची, घोट डाव्या गालात धरायचा. फुर्रर्रचा आवाजही निम्म्यावर आला. मी पाहिलं. देवाशप्पथ, पहिल्याच शनिवारी पाहिलं. आणि मनात म्हटलं काय? नवीन खूळ! चिनी लोक डाव्या बाजूनं पीत असतील! मी चेष्टाही केली. ते म्हणाले, "जराशी चटका लागेल शे." पुढच्या शनिवारीही चटका, त्याच्या पुढच्याही. गरम चहानं पोळलेली जीभ सात शनिवार बरी होत नाही, हे एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी रोज कोणती गाडी किती मिनिटं लेट ते वहीत लिहिणारा माणूस. मला सात शनिवार मोजता आले नाहीत.

सुरतच्या डॉक्टरांनी जिभेचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, कॅन्सर. उजवीकडची निम्मी जीभ काढावी लागेल आणि वर किरणांचा शेकही द्यावा लागेल. या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नव्हतं. स्टँडवर दिवसाला पंचवीस पुड्या गुटखा थुंकणारी माणसं ठणठणीत फिरतायत, आणि हा! मला इतका संताप आला की त्या दिवशी मी एका प्रवाशाला उगाचच झापलं. शेठजी मात्र शांत. डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं, आखाजीपर्यंत थांबता येईल का? डॉक्टर म्हणाले, थांबाल तर आखाजीला तुम्ही नसाल. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

मला वाटलं होतं, जायच्या आधी ते चकती फोडतील. जीभ शाबूत आहे तोवर चाखून घेतील. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "कच्ची फोडीसन काय करू? बारा वरीस काय मी मन्हा एकलाकरता भिजाडं का गोणपाट?" आणि कपाटाची किल्ली भाभींकडे दिली.

ऑपरेशननंतर शेठजींचं बोलणं गेलं. नुसता घोगरा हुंकार निघायचा, तो त्यांना स्वतःलाच आवडत नसे, म्हणून पाटी घेतली. शाळेतली काळी पाटी आणि पेन्सिल. आणि मग एक अजब गोष्ट झाली. तोंडानं सगळ्या बोली बोलणारा हा माणूस लिहायला बसला की शाळेत शिकलेलं मराठी लिहायचा, त्याला दुसरं लिहिताच येत नव्हतं. "कंट्रोलरसाहेब, आपण आलात, आनंद झाला." "कृपया खिडकी लावावी." साठ वर्षांत न बोललेलं शुद्ध मराठी पाटीवर उमटायचं. मी म्हणायचो, "शेठजी, तहसीलदार झालात तुम्ही." ते अर्ध्या तोंडानं हसायचे. उरलेल्या जिभेची चव शेकानं घालवली. भाभी खिरीत केळं कुस्करून चमच्यानं भरवायच्या, ते गिळायचे आणि पाटीवर लिहायचे, "उत्तम." भाभी आत जाऊन डोळे पुसायच्या, कारण एकदा त्या साखर घालायलाच विसरल्या होत्या आणि तरी पाटीवर "उत्तम"च होतं.

आखाजी आली. चार वाजता मी गेलो. शेठजी निम्मे उरले होते, पण दाभण त्यांनी स्वतः धरलं. चकतीचा कागद उघडला, तर आत हिरवट पानं होती ती तांबूस झालेली. पानांची आंघोळ झाली, परातीत पाणी निवायला गेलं. पहिलं पाणी, एक नवकार. ओठ धड हलत नव्हते, म्हणून ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. दुसरं पाणी. तिसरं. हुंगण्यापुरता कप नाकाशी नेऊन त्यांनी तो माझ्याकडे सरकवला, कारण चाखायला आता त्या खोलीत फक्त माझीच जीभ होती. बारा वर्षांचं काय झालं हे मी सांगणार होतो. मी, ज्याला कॅन्टीनचा चोथा ओळखता येत नाही! पाटीवर लिहून आलं: "काय लागलं?"

मी घोट घेतला. कडू लागलं. आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून मी म्हटलं, "गोड! शेठजी, गोड लागलं हो!"

त्यांनी पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं: "तिसऱ्या पाण्याला येत नाही." आणि खाली: "आणि इतक्या लवकर तर नाहीच."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी रागावायला तरी पाहिजे होतं. ते माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिले, जसं काही जीभ माझीच गेली होती. मग पाटीवर पुन्हा पेन्सिल टेकवली, "बसा" लिहिलं. पण बाहेर हॉर्न वाजला, आणि मी, शरमेनं म्हणा, सवयीनं म्हणा, उठलो. त्या दिवशी कॅन्टीनवरचा गोड चहाही मला कडूच लागला, पण प्यालो मात्र सगळा.

त्यानंतरचे शनिवार मी खरंच सांगायचो. "कडू." ते मान हलवायचे आणि पुढचं पाणी घालायचे. मीही तिसऱ्या पाण्याला उठायचो. का उठायचो? आता विचारतो स्वतःला. गाडीची नोंद दुसऱ्या कुणीही केली असती. खरं सांगू? त्या खोलीत औषधाचा वास यायचा आणि शेठजींच्या मानेवर नव्यानं उठलेली गाठ दर आठवड्याला मोठी दिसायची. मला बसवत नव्हतं. ज्येष्ठात, एका बुधवारी सकाळी, शेठजी गोणपाट भिजवायला कपाटाशी गेले आणि तिथेच खाली बसले. भाभी आल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

त्याच शनिवारी दुपारी उठावणा, म्हणजे त्यांच्यातली दुखवट्याची बैठक होती. बैठकीच्या खोलीत पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, माणसं गप्प बसलेली. सगळं आटोपलं, लोक हात जोडून एकेक करून उठायला लागले. मीही उठलो, तर भाभी दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बसा." त्यांच्या हातात पाटी होती. बुधवारी पहाटे लिहिलेली असावी, अक्षर घसरत गेलेलं. "शनिवारी चार वाजता कंट्रोलरसाहेबांना देणे. दूध घालू नये. पहिली चार पाणी आपण घ्यावीत. पाचवं त्यांना. पाच नवकार. उठू देऊ नये."

भाभींनी माझ्यासमोरच चहा केला. पानांची आंघोळ, परातीत निवणारं पाणी. पहिली चार पाणी त्या स्वतः प्यायल्या, जन्मात पहिल्यांदा, तोंड वाकडं न करता. पाचव्या पाण्याला त्यांनी नवकार मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. खोलीत उरलेली दोन-चार माणसंही त्यांच्यामागून म्हणू लागली. तीन नवकारांपर्यंत त्यांचा आवाज नीट होता. चौथ्याला फुटला. पाचवा म्हटला मी, बारा वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालेला.

प्यालो. कडू. कप खाली ठेवला. शेजारी पाटी, समोर भिंतीला टेकून बसलेल्या भाभी. उठायची सोय नव्हती, आणि दुःखाच्या घरात साखरेचा चहा कोण देणार? नुसता बसलो. कुणीतरी पंखा लावला. परातीतलं पाणी निवलं असेल असं मनात आलं. आणि कधीतरी, मी त्याची वाटही बघत नसताना, घशाच्या मागून काहीतरी वर आलं. आधी गारवा. मग आवळा खाऊन पाणी प्यावं तसं अगदी बारीक गोड, आणि ते जाईना. वाढतच राहिलं. आणि मला एकदम हुंदका फुटला, इतका मोठा की चादरी गोळा करणारा माणूस थांबला. बारा वर्षं दर शनिवारी हा माणूस मला हेच देऊ पाहत होता, आणि मी रस्ता ओलांडून दुप्पट साखरेनं ते धुऊन टाकत होतो.

भाभींनी मला रडू दिलं. मग पुढे वाकून, आयुष्यात कधी माझ्याशी अहिराणी न बोललेल्या त्या बाईनं विचारलं, "काय लागनं, भाऊ?"

मी मानेनंच सांगितलं. त्यांनी पाटी उचलली, पदरानं पुसायला हात नेला, आणि न पुसता तशीच कपाटात ठेवली.

समोर स्टँडवर सुरतेची गाडी येऊन लागली होती. ड्रायव्हरनं माझ्यासाठी हॉर्न दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. मी बसून राहिलो.